थाळनेर

शिरपूरहून थाळनेरला गेलो. तापीकाठचं हे गाव कधीकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतं, हे एसटीतून उतरल्यावर पटत नाही. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला. पुढे त्याचा मुलगा नासिर खान याने बुऱ्हाणपूर वसवलं आणि दरबार तिकडे हलला. मेल्यावर मात्र सुलतान काही पिढ्या इथेच येत राहिले. आठकोनी कबरीवरची नक्षी बोटांनी चाचपली. दगड उन्हाने चांगलाच तापलेला. किल्ल्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली. गडावर एवढा राग कशाला? चहावाल्याला मात्र सुलतानांचं कौतुक नाही. “लता मंगेशकरांचं आजोळ हे, भाऊ!” म्हणाला, आणि पैसे घेईना.