दुतोंडी सुतळी

तिचे आयुष्य एक तासाचे. एका टोकाला पेटवली की बरोबर साठ मिनिटांनी दुसऱ्या टोकाशी विझणार. एवढा एकच शब्द ती देते आणि तो पाळते. मधल्या चालीबद्दल मात्र तिला विचारू नये. पहिली चार बोटे जळायला चाळीस मिनिटे लावील आणि उरलेली हातभर वीस मिनिटांत संपवील. उद्या तिच्या जोडीची दुसरी आणली तर ती नेमकी याच्या उलट वागेल.

कोड्यातली ही सुतळी कुठल्याही दुकानात मिळत नाही. दिवाळीत आमच्या धारवाडजवळच्या केलगेरीत पोरे ज्या सुतळी बॉम्बची वात पेटवून धूम ठोकतात, तिची ही दूरची नातेवाईक. ती वात कधी जागीच फुस्स होते, कधी पोरगे वळायच्या आत पेट घेते. लहर दोघींचीही सारखीच. फरक एवढाच, की कोड्यातली शेवटी ठरल्या वेळी हजर असते.

कोडे असे. अशा दोन सुतळ्या आणि काडेपेटी तुमच्या हाती दिली आहे. घड्याळ नाही. पंचेचाळीस मिनिटे मोजून दाखवा.

बहुतेक माणसे आधी सुतळी दुमडून पाहतात. अर्धी लांबी म्हणजे अर्धा तास, त्याची अर्धी म्हणजे पाव तास. इथेच ती फसवते. खरे तर तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण लांबीबद्दल ती काहीच बोलली नव्हती. तिने फक्त शेवट सांगितला होता. तेव्हा तेवढ्याच कबुलीवर काम भागवायचे.

पहिली सुतळी दोन्ही टोकांनी पेटवा. दोन ज्योती एकाच क्षणी निघाल्या आणि कुठेतरी एकाच क्षणी भेटल्या. म्हणजे दोघी सारखाच वेळ जळल्या. दोघींनी मिळून जी सुतळी संपवली ती साठ मिनिटांची. मग प्रत्येकीच्या वाट्याला तीस. भेट मध्यावर झाली की एका टोकाला खेटून, याची चौकशी करण्याचे कारणच नाही. पहिली पेटवतानाच दुसरीही पेटवायची, पण एकाच टोकाने. पहिली संपली की दुसरीत बरोबर तीस मिनिटांचा ऐवज उरलेला असतो. त्या क्षणी तिचे दुसरे टोक पेटवा. तिसाचे पंधरा झाले. तीस आणि पंधरा, पंचेचाळीस.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधणारे घटिकापात्रही असेच शेवटी बोलणारे. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर ठेवायची. भरली की बुडते आणि चोवीस मिनिटे झाली असे कळते. अर्धी भरली तेव्हा बारा मिनिटे झाली का, हे वाटीच्या आकारावर अवलंबून. पण घटिकापात्राला दुसरे टोक नाही, सुतळीला आहे. तिची सगळी कर्तबगारी त्या दुसऱ्या टोकात आहे.

दोन्ही टोके पेटवण्याची युक्ती कोडेवाल्यांच्या आधी बंदूकवाल्यांना ठाऊक होती, पण निराळ्या कारणासाठी. तोड्याच्या बंदुकीची जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवलेली दोरी. युरोपातले शिपाई ती दोन्हीकडून धुमसत ठेवत, एक टोक विझले तर दुसरे असावे म्हणून. वेळ मोजायला नव्हे, वेळेला उपयोगी पडायला.

वातींच्या या घराण्यात शिस्त आणली ती विल्यम बिकफर्डने. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा हा चामड्याचा व्यापारी. तिथल्या खाणीत गवताच्या काडीत किंवा पिसाच्या नळीत दारू भरून सुरुंगाला बत्ती देत. आग कधी झटकन पोचे, कधी रेंगाळे, आणि काय झाले ते पाहायला गेलेला माणूस परत येत नसे. दोरखंड वळताना पाहून बिकफर्डला सुचले, की दोरी वळता वळताच तिच्या पोटात दारूची बारीक धार सोडावी. १८३१ साली त्याने पेटंट घेतले. ही वात साधारण फुटाला अर्धा मिनिट अशा चालीने जळे. आता लांबी म्हणजेच वेळ झाली.

 आमच्या बाजूचा, लोंढा, कॅसलरॉकवरून घाटातून खाली गोव्यात उतरणारा लोहमार्ग १८८८ पर्यंत पुरा झाला. त्या काळी डोंगरात बोगदा खोदायचा तो असल्याच वातींच्या भरवशावर. मधल्या भोकांच्या वाती आखूड, कडेच्या लांब, म्हणजे आधी मधला खडक उडे आणि कडेच्याला आत ढासळायला जागा होई. तिथे सुतळीची लहर परवडणारी नव्हती. कोडे रचणाऱ्याने तिला पुन्हा बेशिस्त करून सोडले, आणि माझ्या मते तिचे सौंदर्य तिथेच परत आले.

गणितज्ञ पीटर विंकलर यांच्या २००४ च्या कोड्यांच्या पुस्तकात तिचे आयुष्य मिनिटाचे आहे आणि मोजायचे आहेत पंचेचाळीस सेकंद. डिक हेस यांनी तर बुटाच्या नाड्या जाळून वेळ मोजण्याच्या कोड्यांची छोटी पुस्तिकाच काढली. नोकरीच्या मुलाखतींत विचारून विचारून कोडे गुळगुळीत झाले. आमच्या केलगेरीच्याच बाजूला चिक्कमल्लिगवाडला आयआयटी आहे. तिथल्या पोरांना ते पाठच असणार. ज्याने उत्तर आधी ऐकले तो पास आणि जो खरोखर विचार करतो तो घामाघूम, अशी परीक्षा काय कामाची?

पण सुतळीची खरी खोली तिथून पुढे आहे. तासाच्या हव्या तितक्या सुतळ्या घ्या, नियम एकच: टोक पेटवायचे ते सुरुवातीला, नाहीतर दुसरी एखादी सुतळी संपेल त्या क्षणी. एक तासानंतर मोजता येणारी पहिली वेळ म्हणजे एक तास साडेसात मिनिटे. अधलेमधले काही हाती लागत नाही. दोन तासांनंतरची पहिली वेळ अवघ्या साडेतीन सेकंदांवर येते. तीन तासांनंतरचे अंतर काढायचे तर तासाला दोनने १५४ कोटींहून अधिक वेळा भागावे लागते. जेफ एरिक्सन, गॅब्रिएल निवाश आणि जुन्यान शू यांनी २०२० मध्ये दाखवले, की प्रत्येक पूर्ण तासानंतर अशी पहिली वेळ असतेच, पण नैसर्गिक संख्यांच्या अंकगणिताचा पाया मानले जाणारे पेआनोचे नियम हे विधान सिद्ध करायला अपुरे पडतात. पोरांच्या खेळातली सुतळी, आणि तिच्यापुढे अंकगणित थकते.

एक तास साडेसात मिनिटे कशी मोजायची ते मी सांगत नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या उत्तरात तिसरी एकच सुतळी घालायची आहे, तेव्हा तुम्हीच करून पाहा. कागद-पेन्सिल पुरते, काडेपेटी लागत नाही.