जोह्याचा पाऊस आणि वडिलांची गिटार

कोकणात राहून लाकडी वाद्य बाळगू इच्छिणाऱ्याने पैशांचा हिशेब मागाहून मांडावा. आधी पावसाचा मांडावा, असे आमचे अनुभवान्ती झालेले मत आहे. पेण तालुक्यातील जोहे गावी आम्ही वास्तव्यास आलो, तेव्हा आमच्या सामानात तीन गिटारी होत्या. जोहे-हमरापूरची ख्याती गणेशमूर्तींसाठी. पडवीत, अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, जिकडे पाहावे तिकडे मूर्ती सुकत असलेल्या. अशा गावात गिटारीच्या तीन लांबलचक पेट्या टेम्पोतून उतरताना पाहून शेजारच्या मुलांनी 'आत काय?' म्हणून घराला गराडाच घातला होता.

गिटारच्या अवयवांना मराठीत रूढ नावे नाहीत. परंतु मिरजेच्या सतारमेकरांची परिभाषा हाताशी असताना आम्ही परक्या शब्दांची उसनवारी का करावी? (त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचून आम्हांला घरचेच कोणी उत्तीर्ण झाल्यासारखे वाटले.) तेव्हा पेटीवरच्या पातळ फळीला आम्ही तबली म्हणतो, तारा जिच्यावर टेकतात तिला घोडी, लांब मानेला दांडी आणि तारा पिळायच्या त्या खुंट्या.

आमच्या तिघींचे स्वभाव तीन तऱ्हांचे. पहिली नेहमीच्या ओळखीची सपाट तबलीची अकौस्टिक. तिची घोडी तबलीला सरसाने कायमची चिकटवलेली असते आणि साध्या पोलादी तारांचा सत्तर किलोच्या आसपासचा ताण ती तबली अहोरात्र सोसत असते. दुसरी आर्चटॉप. हिची तबली व्हायोलिनसारखी कमानदार असून मधल्या गोल छिद्राऐवजी दोन्ही बाजूंना एफ अक्षराच्या वळणाच्या चिरा असतात. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनची ही कोरीव कमान मँडोलिन-गिटारींना दिली आणि १९२२ साली त्याच्या नावाच्या कंपनीने एफ-चिरांची एल-५ ही गिटार काढली. तिसरी सेमी-हॉलो, १९५८ सालची कल्पना. पोकळ गिटार विजेच्या स्पीकरजवळ नेली, की स्पीकरचा नाद तिच्या पोटात शिरून घोंगावू लागतो. म्हणून पोटाच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा बसवून तो नाद अडवला. ही तिसरी आमच्या चिरंजीवांची. तिचे अंग थरावर थर चिकटवलेल्या लाकडाचे असल्याने पावसाचे तिला फारसे सोयरसुतक नाही.

या लेखाचे प्रयोजन आहे ती आर्चटॉप. ती आमच्या वडिलांची.

वडील वसईचे. आठवडाभर मुंबईतील एका गिरणीच्या कचेरीत खर्डेघाशी आणि शनिवार-रविवारी लग्नाच्या बँडमध्ये गिटार, असा त्यांचा क्रम होता. १९६२ साली धोबीतलावावरील एका गोवेकर वादकाकडून त्यांनी ही जर्मन गिटार जुनी म्हणून विकत घेतली. त्या काळी परदेशी वाद्य नवे मिळणे आयातबंधनांमुळे दुरापास्तच होते. गिटार बव्हेरियातील बुबेनरॉइट गावची. महायुद्धानंतर बोहेमियातील शोनबाख येथून हाकलल्या गेलेल्या जर्मन वाद्यकारांनी या खेड्यात नव्याने बिऱ्हाडे थाटली आणि हत्यारे हाती घेतली. त्यांच्यापैकीच हॉफनर घराण्याने १९५६ साली काढलेले व्हायोलिनच्या आकाराचे बास गिटार पुढे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे जगभर गाजले. निर्वासितांच्या हातची वस्तू आपल्या घरी आहे, याचे वडिलांना फार अप्रूप होते.

१९०३ साली दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये वर्ज्य केली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याने पाइप ऑर्गनचा मान राखूनही अन्य वाद्यांना, ती पवित्र कार्यास योग्य ठरत असतील तर, दार उघडून दिले. मिस्सा मराठीत आली आणि तिच्यामागोमाग काही वर्षांनी वडिलांची गिटार. लग्नात वाजणारे वाद्य वेदीजवळ कशाला, अशी कुजबूज वडीलधाऱ्यांत झालीच. वडिलांनी वाद घातला नाही. ते नखी खिशात ठेवून नुसत्या अंगठ्याने वाजवू लागले. आर्चटॉपचा नाद मुळातच कोरडा, पटकन विझणारा. अंगठ्याने वाजवल्यावर तो गायकांच्या आवाजाखाली चटईसारखा पसरे. पुढे पुढे कुजबुजणाऱ्यांपैकीच एक आजोबा 'आज गिटार का नाही?' म्हणून चौकशी करू लागले.

आर्चटॉपच्या घोडीला कशाचेही चिकटवण नसते. तारा पेटीच्या बुडाशी असलेल्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात आणि त्यांच्या दाबानेच घोडी जागेवर उभी राहते. म्हणून या गिटारच्या साऱ्या तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, नवी चढवावी, मग दुसरी. घोडी केसभर सरकली तरी वरच्या पडद्यांवरचे स्वर बेसूर होतात. तिची जागा ठरवायची रीत सोपी आहे. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून वाजवावी, मग तिथेच दाबून वाजवावी. दोन्ही स्वर तंतोतंत जुळले पाहिजेत. वडिलांनी ती जागा एकदा नक्की केली आणि तबलीवर घोडीच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने दोन बारीक रेघा ओढून ठेवल्या. ते निवर्तल्यावर गिटार आमच्याकडे आली, ती या रेघांसह.

कमानदार तबलीला घोडीचा दाब भरपूर सोसतो, हे आपल्या देशातल्या वादकांनीही हेरले होते. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिब्सनच्या सुपर ४०० या भल्याथोरल्या आर्चटॉपमध्ये फेरफार करून तिच्यावर राग वाजवले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ऐकू येते ती त्यांचीच गिटार. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपचीच लेक. तिच्यावर तरफांसह वीस तारा चढतात. १९९४ साली तिने ग्रॅमी पारितोषिक मिळवले.

आता पावसाकडे वळू. गिटारच्या लाकडाला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आमच्या भिंतीवरचा आर्द्रतामापक जुलैत नव्वदीच्या खाली उतरायला तयार नसतो. लाकूड दमट हवेतले पाणी पिते आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. तबली वर येते, तिच्याबरोबर तारा वर येतात आणि वाजवणाऱ्याची बोटे सोलून निघतात. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, ते वेगळेच. आम्ही गिटारी भिंतीला टांगत नाही, माळ्यावर तर नाहीच नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून लाकडी कपाटात ठेवतो, पुड्या महिन्यातून दोनदा तव्यावर कोरड्या करतो आणि वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसतो. एवढ्यावर आमचे निभावत होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा गाठला. आमच्या मागल्या खोलीचे पत्रे उडाले, आणि कपाट नेमके त्याच खोलीत. पाणी थेट आत शिरले नाही. परंतु भिंती ओलावल्या आणि वीज कित्येक दिवस आली नाही. पुढे पेटी उघडली, तेव्हा आर्चटॉपच्या पोटात काहीतरी खडखडत होते. तबलीला आतून आधार देणारी एक पट्टी अर्ध्या लांबीपर्यंत सुटली होती. टाळेबंदीमुळे मुंबई परग्रहासारखी दूर गेलेली. एका दुरुस्तीकाराला फोनवर छायाचित्रे दाखवली. ते म्हणाले, तबली उतरवावी लागेल. मग ओघानेच सारी घासून नवे पॉलिशही करून देऊ. घासणे म्हणजे त्या दोन रेघा जाणे. शिवाय नव्या पॉलिशचा जाड थर नाद दाबतो, हे जाणकार सांगतात. आम्ही नको म्हटले. त्याच आठवड्यात एका संग्राहकाने निरोप धाडला, की आहे त्या स्थितीत गिटार घेतो. आणि किंमत सांगितली ती छपराच्या खर्चाला पुरून उरेल इतकी होती. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. मागल्या खोलीत बादली मात्र रोज बदलत राहिल्या.

त्या वर्षी सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली गेली होती. जोह्याच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती अर्धवट उभ्या राहिल्या आणि हात रिकामे झाले. शेजारचे वयोवृद्ध मूर्तिकार, ज्यांना सारा गाव काका म्हणतो, एका संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी टिचकी मारली आणि सुटल्या पट्टीची लांबी बाहेरूनच अचूक दाखवली.

"मास्तर, घाई करू नका," ते म्हणाले. "मूर्ती बल्बाखाली सुकवली की तडा जातो. हिला आधी सावलीत कोरडी होऊ द्या."

त्यांनी तारा सैल करून तीन आठवडे गिटार आपल्या रंगाच्या खोलीत, पंख्याच्या झोताबाहेर ठेवली. मग एका दुपारी एफ-चिरेतून दाढीचा छोटा आरसा आणि विजेरी आत सारून, वाकवलेल्या तारेच्या टोकाने त्यांनी पट्टीखाली कोमट सरस भरला आणि आतून लाकडाच्या दोन पाचरींचा टेकू दिला. सरसच का, असे आम्ही विचारले. जुने रंगारी रंगात सरस घालीत, म्हणून तो त्यांच्या हातचा. आणि पुढे कधी सोडवायची वेळ आली तर ऊन पाण्याने तो सुटतो, असे त्यांनी सांगितले. मोठमोठे वाद्यकारही हेच कारण देतात. काकांनी पैसे घेतले नाहीत. नाताळात आमच्या घरच्या फुगियांचा डबा मात्र आवर्जून घेतला.

छपरासाठी आम्ही सपाट तबलीची अकौस्टिक विकली. चिरंजीवांना ते पटले नाही. त्यांच्या हिशेबी नव्या, चांगल्या वाद्याचा बळी देऊन जुने राखणे हा व्यवहार नव्हे. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, हे मान्य करून सांगतो, की पैसे चढाओढीने नव्या गिटारींवर खर्चण्यापूर्वी आहे तीच नीट लावून घ्यावी, असे आम्हांला वाटते. दांडीच्या वरच्या टोकाची प्लॅस्टिकची खाचपट्टी काढून हाडाची बसवली, झिजलेले पडदे एका पातळीत घासून घेतले, ढिल्या खुंट्या बदलल्या आणि आर्चटॉपला गुळगुळीत वेढ्याच्या तारा चढवल्या, की मध्यम प्रतीचे वाद्यही ओळखू येत नाही. सगळ्यांत आधी विजेचा पिकअप बसवून घेणारे तरुण आम्ही पाहतो. बेसूर वाद्य मोठ्याने ऐकवण्यात कसली प्रगती? दांडीतली सळई मात्र स्वतः पिळायची तर एका वेळी पाव वेढ्याहून अधिक नको, आणि मग एक दिवस थांबावे.

आर्चटॉप वाचली, परंतु पुढल्याच पावसाळ्यात तिची तबली पुन्हा वर आली. जोह्याची हवा तिला मानवणार नाही, हे तेव्हा आम्हांला उमगले. २०२१च्या नोव्हेंबरात आम्ही ती पुण्याला आमच्या पुतणीकडे पोहोचवली. ती तिथल्या गायकवृंदात वाजवते आणि तिच्या घराच्या भिंतींना ओल येत नाही. चिरंजीवांची सेमी-हॉलो आता जोह्याच्या कपाटात एकटीच असते. जागा पुष्कळ उरल्याने सौ. त्यात गोधड्या ठेवतात.

जानेवारीत पुतणीचा फोन आला. पुण्याच्या कोरड्या थंडीत तबली खाली बसली होती आणि तारा पडद्यांना घासून खरखरत होत्या. घोडीच्या पायांशी पितळी चकत्या असतात, त्या फिरवल्या की ती वर-खाली होते. "काका, कुठल्या बाजूला फिरवू?" तिने विचारले. तारा थोड्या सैल करायला, घोडी रेघांवरून ढळू न द्यायला आणि दोन्ही चकत्या अर्धा-अर्धा वेढा फिरवून घोडी वर घ्यायला आम्ही सांगितले. जून उजाडला, की तेवढीच खाली.