न दिसणारा धूर

गेल्या शनिवारी मामाकडे गेलो होतो. मामा रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण नायट्रिक अ‍ॅसिड प्लांटमधली शिफ्ट काही त्याच्या अंगातून गेलेली नाही. साडेचारला उठून चहा करतो... आणि पाहुण्यांनाही उठवतो!

लहानपणी त्याच्या क्वार्टरवर राहायला जायचो, तेव्हा प्लांट सुरू करताना चिमणीतून पिवळट-तपकिरी धूर यायचा. ते आठवून सहज विचारलं, "मामा, तो धूर पुढे बंद झाला का रे?"

"तो आटोक्यात आला. दिसायचा ना! गावातून फोन यायचे. खरा बिलंदर दुसराच. त्याला रंगच नाही."

हा दुसरा म्हणजे नायट्रस ऑक्साइड. दातांच्या डॉक्टरकडचा 'हसवणारा वायू', तोच. तर होतं असं, की अमोनिया आणि हवा साधारण ९०० अंशांवर प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीतून जातात. बहुतेक अमोनियाचा नायट्रिक ऑक्साइड होतो आणि त्याचं पुढे अ‍ॅसिड. पण शेकडा एक-दोन भाग वाट चुकतो, नायट्रस ऑक्साइड होऊन चिमणीतून पसार! काही उपाय केला नसेल तर मध्यम दाबाच्या प्लांटसाठी आयपीसीसी टनामागे ७ किलो धरते. किरकोळ वाटतं? याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. म्हणजे टनभर अ‍ॅसिडमागे जवळजवळ दोन टन.

गंमत म्हणजे याचा 'फिक्स' तयार आहे. त्या जाळीच्या खालीच दुसऱ्या उत्प्रेरकाचा थर घालायचा. वायू तिथेच फुटून साधा नायट्रोजन आणि ऑक्सिजन होतो. नाहीतर शेवटी, चिमणीच्या आधी, लोहयुक्त झिओलाइटमधून गॅस न्यायचा. नवा प्लांट बांधायला नको.

मग अडलं कुठे? क्योटो करारातल्या कार्बन क्रेडिटच्या पैशावर विकसनशील देशांतल्या बऱ्याच प्लांटनी हे बसवलं. २०१२ च्या अखेरीस क्रेडिटचा भाव एक युरोच्याही खाली घसरला. थर काही वर्षांनी बदलावा लागतो. काही ठिकाणी तो बदललाच गेला नाही. २०१५ मध्ये जर्मनीने अशा प्लांटसाठी वेगळा उपक्रम सुरू केला.

"अ‍ॅसिड तर तेवढंच निघतं ना," मामा म्हणाला. "मग कोण बघतंय? मी तीस वर्षं लॉगबुक भरलं. या गॅसची एकदाही नोंद केली नाही. आमच्याकडे त्याचा मीटरच नव्हता."

मग थोडा वेळ गप्प बसला. हा वायू हवेत सरासरी शंभरावर वर्षं टिकतो. "म्हणजे माझ्या पहिल्या शिफ्टचा अजून वरच आहे बघ," असं म्हणून तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मला मात्र माझाच एक कोड आठवत होता. एरर आली की गुपचूप गिळणारा. महिन्यातून चार-पाच ग्राहकांचे रेकॉर्ड गायब व्हायचे. स्क्रीन हिरवी, कोणाची तक्रार नाही, म्हणून तिकिटावर 'लो' मीच लिहिलं होतं.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या आधी तिथे लॉग टाकला. किती रेकॉर्ड गेलेत ते आता मोजतोय.