जोड लावण्याची नजर

अहिल्यानगर जिल्ह्यात गावजत्रेचा हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड, रेवड्यांवर लागणाऱ्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि एक नंबरच्या कुस्तीवर संपतो. मधल्या प्रत्येक कुस्तीचे इनाम हेच पैलवानाचे मानांकन. अमका पाच हजारांवर खेळतो, तमका पन्नास हजारांखाली उतरत नाही, एवढ्यावरून तालमीतला माणूस त्याची पायरी ओळखतो.

जोड लावायला, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवायला, मात्र हा आकडा पुरत नाही. वजनही पुरत नाही. २०२५ साली अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने जिंकलेल्या महाराष्ट्र केसरी किताबाचा गटच ८६ ते १२५ किलोंचा आहे. म्हणून वस्ताद मान बघतो, मनगट बघतो. मागच्या हगाम्यात कोणाशी कुस्ती बरोबरीत सुटली, कोणी किती वेळात आस्मान दाखवले, हे विचारतो.

इतर खेळांत हेच काम गणित करते. पिकलबॉलच्या डीयूपीआर पद्धतीत २ ते ८ या पट्टीवर खेळाडूचा आकडा प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि निकाल पाहून हलतो. बुद्धिबळाच्या एलो पद्धतीत २०० गुणांनी वरचढ असलेल्याकडून शंभर डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरतात.

फडातली खरी अडचण याच्या पुढची आहे. जोड तोडीस तोड हवी आणि कुस्ती निकालीही व्हावी. दोघे बचावाचे पक्के असले, की मानेवर हात टाकून खडाखडीच चालते. हलगी थकते, लोक कुजबुजतात, पंच ताकीद देतात आणि शेवटी पहिल्या गुणावर निकाल लावावा लागतो. ताकद सारखी, पण खेळ वेगळा, अशी जोड शोधणे हे खरे कसब. एकेरी पटाला, म्हणजे एक पाय धरायला, झेपावणाऱ्यासमोर त्याच झेपेवर डाव टाकणारा उभा केला, तर कुस्ती रंगते. अशी जोड चितपट झाली, की टाळ्या पैलवानाला मिळतात. पण आपली नजर खरी ठरली म्हणून वस्तादाची छाती त्याच्याहून फुगते. हा अहंकार या कामात असतोच आणि तो असावाही.

आता बऱ्याच जोड्या आधीच ठरून फ्लेक्सवर छापल्या जातात. इनाम देणगीदाराच्या हौसेने फुगते, नावाला भाव येतो आणि संगनमताने निकाल ठरवलेल्या नुरा कुस्तीला वाट मिळते. अशा फडात लाखाचा आकडा देणगीदाराची ऐपत सांगतो, पैलवानाची नव्हे. मानांकनाची ती पट्टी तिथे निकामी ठरते आणि जोड लावणाऱ्याला पुन्हा मान-मनगटाकडेच वळावे लागते.