रोटीची जबान

जांब समर्थहून निघून जाणाऱ्यांची गोष्ट नवी नाही. १६०८ साली इथे जन्मलेला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' ऐकताच पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. आम्ही दोघे भाऊ याच गावचे. थोरला शाळामास्तर, धाकटा कापूस-मोसंबीत. धाकट्याच्या मुलीने बारावीनंतर सांगितलं, "मैं हैदराबाद जाके स्पॅनिश पढूंगी." तेव्हा सावधान व्हायची पाळी आमच्यावर आली.

"डी.एड. कर, नर्सिंग कर. स्पॅनिश कायकू?" आम्ही विचारलं. "इस जबान से रोटी मिलती क्या?"

पोरगी हिशेब घेऊनच बसली होती. स्पेन धरून वीसेक देशांची ही राजभाषा, बोलणारे ५० कोटींच्या आसपास. पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या कंपन्यांना औषधांची कागदपत्रं वाचायला, गिऱ्हाइकांशी बोलायला माणसं लागतात. "अंग्रेजी तो सबकोच आती, बडे अब्बा. ये कितनों को आती?"

हिशेब बरोबर होता. पण आमच्या घराने भाषेवरच्या रोटीचा हिशेब एकदा चुकताना पाहिला आहे. आमचे दादा, म्हणजे आजोबा, निजामाच्या अमलात कारकून होते. कारभार उर्दूचा. त्यांचं अक्षर असं, की लोक अर्ज लिहून घ्यायला लांबून यायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि हळूहळू कचेरीची भाषा बदलली. दादांना मराठी बोलता येत होती, लिहिता येत नव्हती. आमचे अब्बा शाळेत जाऊ लागले, तेव्हा रात्री कंदिलापाशी अब्बांच्या पाटीवर दादा बाराखडी गिरवायचे. नोकरी टिकली. बढती मात्र कधी आली नाही. तक्रार त्यांनी केली नाही. फक्त थोरल्याला संध्याकाळी समोर बसवून उर्दू वाचायला शिकवलं. "किसी काम की नहीं, फिर भी सीख," म्हणायचे.

शेवटी पोरगीच जिंकली. आम्ही दोघे जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने तिला सोडायला गेलो. तारनाक्याच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात तिला स्पॅनिशच्या बी.ए.ला जागा मिळाली होती. शेजारीच उस्मानिया विद्यापीठ. १९१८ साली निघालेल्या या विद्यापीठात तेव्हा सारी तालीम उर्दूतून होती. दादांना तिथे शिकायचं होतं, ऐपत नव्हती. पणती शेजारपर्यंत पोचली, एवढं म्हणून आम्ही परत फिरलो.

पहिल्या ईदला ती घरी आली. चहात साखर घालताना म्हणाली, "इसकू वहाँ आसूकार बोलते." अरबांचं 'अस्सुक्कर' स्पेनमध्ये आसूकार झालं. तेही फारसी 'शकर'मधून आलेलं, आणि त्याचंही मूळ संस्कृत 'शर्करा'. आमच्या उसाच्या शेजारची साखर एवढी फिरून आली होती. अब्बांच्या शेतातला कापूस तिकडे 'अल्गोदोन', अरबीतला 'अल्-कुत्न'. गावच्या नगराध्यक्षाला म्हणतात 'अल्काल्दे', म्हणजे मूळचा आपला काझी! आणि एखादी गोष्ट व्हावी असं वाटलं, की स्पॅनिश माणूस म्हणतो 'ओखाला'. तेही अरबीतूनच आलंय, 'अल्लाहने चाहा तो' या अर्थाचं. आमच्या अम्मी दर वाक्याला इन्शाअल्लाह म्हणणाऱ्या. त्या म्हणाल्या, "फिर तो मैं आधी पास हो गई!"

हसणं थांबल्यावर पोरगीने पुढचं सांगितलं. १५६७ साली स्पेनच्या राजाने अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी घातली. १६०९ पासून, म्हणजे आमच्या गावी नारायण रांगत होता तेव्हापासून, धर्म बदललेल्या मुसलमानांच्या लेकराबाळांनाही देशाबाहेर काढलं. माणसं गेली. हजारो शब्द मात्र तिथल्या स्वयंपाकघरात, शेतात राहून गेले. त्या रात्री आम्हाला दादांची पाटी आठवली.

दुसऱ्या वर्षी ती जरा गप्प गप्प वाटली. आता कच्चं भाषांतर यंत्र क्षणात करतं, कंपन्या पूर्वीइतकी माणसं घेत नाहीत, असं वरच्या वर्गातली मुलं सांगत होती. आमच्या पोटात गोळा आला. पुन्हा १९४८? तीच धीर देऊ लागली. इंग्रजीत 'एकदा'साठी असलेला 'वन्स' आणि स्पॅनिशमध्ये अकरासाठी असलेला 'ओन्से' रोमन अक्षरांत अगदी सारखेच लिहितात. औषधाच्या चिठ्ठीवर तो शब्द तसाच राहिला, तर दिवसातून एक गोळी घेणारा अकरा घेईल. "देखने वाला इन्सान तो लगेगाच ना, बडे अब्बा?"

तेव्हा आम्ही तिला २०२३ सालची गोष्ट सांगितली. शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळची दप्तरं निघाली आणि एकदम सगळीकडे मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. गावातले एक पाटील त्यांच्या आजोबांचा पिवळा पडलेला कागद घेऊन थोरल्याकडे आले. थोरल्याने वाचून दाखवला, मराठीत उतरवून दिला. पैसे घेतले नाहीत. रात्री त्यांच्या घरून टोपलीभर मोसंबी आली. पंचाहत्तर वर्षांनी दादांच्या उर्दूची ती कमाई!

पोरगी फोनवर हसली. सर्व्हान्तेसची 'दोन किखोते' त्यांना अभ्यासाला आहे, १६०५ सालची. ही कथा आपल्याला टोलेडोच्या बाजारात अरबी वह्यांत सापडली, असं त्यात तो लिहितो. मग तो एका अरबी जाणणाऱ्या माणसाला घरी ठेवून भाषांतर करून घेतो. मजुरी काय, तर मनुका आणि गहू!

भाषेची रोटी कधी, कुणाच्या ताटात पडेल, सांगता येत नाही. दादांनी पेरलं, थोरल्याने खाल्लं. एवढ्या भरवशावर पोरीला परदेशी भाषा शिकवणं शहाणपणाचं की नाही, हा वाद आम्हा भावांत अजून मिटलेला नाही. सध्या तिला 'डेले' या स्पॅनिशच्या परीक्षेची फी भरायची आहे. मोसंबीला बरा भाव मिळाला तर याच खेपेला भरू. आम्ही भावाचं बोलू लागलो, की अम्मी चुलीपासून ओरडतात, "ओखाला!"