शुगर लपवू नकोस

चि. सचिन,


तुला शुगर निघाली, हे काल स्मिताकडून कळलं. आई-दादांना आणि कंपनीत कुणाला सांगायचं नाही, असं तू तिला बजावलंयस म्हणे. "मी एवढा काटकुळा, गोडाला शिवत नाही, लोक काय म्हणतील?" आधी याचंच उत्तर देते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नेमका हाच प्रश्न धरून काम केलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडची बाळंसुद्धा वजनाला कमी, पण चरबीला त्या मानानं जास्त, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे या दुखण्याची मुळं पार आईच्या पोटापर्यंत जातात. मग लाज कसली बाळगतोस?

धोका आहे तो लपवण्यात. तुझी ग्लिमेपिराइडची गोळी जेवण लांबलं तरी आपलं काम करतच राहते. शिफ्टमध्ये दरदरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर शेजारच्याला वाटेल, पिऊन आलाय. त्याला ठाऊक असेल तर तो तीन चमचे साखर पाण्यातून देईल, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघेल. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्यायचं, हेही सांगून ठेव.

घरी कळलं की आई भात बंद करून भाकऱ्या वाढत सुटेल. भाकरीचीही शेवटी साखरच होते, हे तिला मी समजावते. भाकरी मोजकी, उसळ, पालेभाजी भरपूर. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून आकडा खाली आणायच्या फंदात पडू नकोस. एचबीएवनसीत गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. डोळ्यांचे पडदे, लघवीतली प्रथिनं, पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासून घे. शेतात अनवाणी जाणं मात्र आजपासून बंद.

रविवारी मी येतेय. आई-दादांना तूच सांग, मी शेजारी बसेन. सोमवारी सुपरवायझरच्या कानावर घाल आणि रात्रपाळी लागायच्या आत गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घे.

तुझी,
ताई