तळ्याकाठचा बोर्ड

परवा पुन्हा तीच बातमी टाईप केली. 'तलावात पोहण्यासाठी गेलेल्या युवकाचा बुडून मृत्यू.' वीसेक वर्षांच्या पत्रकारितेत ही बातमी किती वेळा लिहिली, मोजलेलं नाही. नाव बदलतं, वय बदलतं, तलाव बदलतो. शेवटचं वाक्य तेच राहतं : पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे.

या वेळी ते वाक्य लिहिताना गेल्या जुलैत पाहिलेला एक बोर्ड डोळ्यांसमोर आला. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या कामाची आहे. वेळ काढून वाचा.

माझी धाकटी बहीण आणि जावई फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँला असतात. जावई टायर कंपनीत. तिकीट बहिणीनं काढलं म्हणून जाणं झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं होतं, पॅरिस दाखवतील. बहीण म्हणाली, "दादा, पॅरिस दोन दिवस. बाकी सुट्टी इथली माणसं जिथं घालवतात तिथं जायचं. तळ्यावर."

हा ओव्हेर्न्यचा भाग म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींचा मुलूख. 2018 साली इथली डोंगररांग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हिरवे, गोल डोंगर, त्यावर चरणाऱ्या गाई, आणि मधेमधे तळी. एदा नावाचं तळं सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी लाव्ह्यानं ओढ्याचा रस्ता अडवला म्हणून तयार झालं. पाव्हॅं नावाचं तळं तर ज्वालामुखीच्या स्फोटानं पडलेल्या गोल खड्ड्यात आहे. खोली 92 मीटर! तळाचं पाणी वरच्या पाण्यात कधी मिसळतच नाही, त्यामुळे खाली प्राणवायू नाही. या पाण्यात दगड टाकला की वादळ उठतं, पापी लोकांचं जुनं गाव तळ्यानं गिळलं, अशा दंतकथा तिथंही आहेत. ऐकून वाटलं, आपलीच आजी बोलतेय. तिथं पोहायला बंदी आहे. लोक काठाकाठानं चालत फेरी मारतात, डबा खातात, परत जातात.

पोहायला आम्ही गेलो ते शांबों तळ्यावर. उथळ पाणी, कडेला वाळू, दूर टेकडीवर म्युरोलचा जुना किल्ला. गावोगावची कुटुंबं आलेली. चटया, छत्र्या, डब्यात कापलेलं कलिंगड. तिथल्या सरकारी तरण तलावात पुरुषांना ढगळी हाफपँट चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, म्हणून मी धास्तावलो होतो. तळ्यावर तसला नियम नव्हता. जीव भांड्यात पडला.

आणि तिथं तो बोर्ड होता.

पोहण्याचा भाग कुठून कुठपर्यंत, त्याचा नकाशा. जीवरक्षक किती ते किती वाजेपर्यंत आहेत. झेंड्यांचा अर्थ : हिरवा म्हणजे या, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंदी. मदतीचा फोन नंबर. आणि ज्यासाठी मी थांबलो तो कागद : पाण्याचा नमुना कोणत्या तारखेला घेतला, त्यात ई-कोलाय किती, दुसरे आतड्यांतले जंतू किती, आणि निकाल काय.

मी फोटो काढत बसलो. बहीण हसायला लागली, "सगळे किल्ल्याचा फोटो काढतात, तू बोर्डाचा काढतोस." काय करणार, धंदाच तो.

जावयांना विचारून, वाचून जी माहिती घेतली ती अशी. युरोपीय संघाचा 2006 चा नियम आहे. लोक पोहतात अशी जी अधिकृत जागा असेल, तिथलं पाणी हंगामात किमान चार वेळा तपासायचं, दोन तपासण्यांत महिन्याहून जास्त अंतर ठेवायचं नाही. साधारण चार वर्षांच्या आकड्यांवरून दर्जा ठरतो : उत्तम, चांगलं, पुरेसं, वाईट. सलग पाच वर्षं 'वाईट' आलं, तर तिथं न पोहण्याचा कायमचा सल्ला किंवा बंदी. फ्रान्समध्ये ही तपासणी आरोग्य खातं करतं. सुरक्षेची जबाबदारी गावच्या महापौराची. तिथं चारशे वस्तीच्या गावालाही महापौर असतो, म्हणजे आपला सरपंचच म्हणा. ठरलेल्या जागेत, ठरलेल्या वेळेत तो जबाबदार. त्याबाहेर पोहलात तर तुमचं तुम्ही बघा, हेही कायद्यात स्पष्ट.

सगळं गोड आहे असं सांगायला मी बसलेलो नाही. एका छोट्या गावच्या तळ्यावर गेलो तर पाणी पोपटी झालेलं. शेतातलं खत आणि शेणमूत पावसाबरोबर तळ्यात उतरतं, त्यात ऊन वाढलं की निळंहिरवं शेवाळ माजतं. त्याचं विष कुत्र्यानं पाणी प्यायलं तर त्याला मारू शकतं. म्हणजे रोग आपलाच. फरक एवढाच, की फाटकावर महापौराच्या सहीचा कागद होता : अमुक कारणासाठी, अमुक तारखेपासून बंद. लोक झाडाखाली बसून जेवत होते. पाण्यात एकही माणूस नव्हता. कारण सांगितलं की लोक ऐकतात, असं मला त्या दिवशी वाटलं.

आणि माणसं तिथंही बुडतात. फ्रान्समध्ये दर उन्हाळ्यात शेकडो माणसं बुडून मरतात. पण त्याचे आकडे सरकार गोळा करतं आणि छापतं. नुसती 'आकस्मिक नोंद' करून फाईल बंद होत नाही.

आता माझी गोष्ट. मला पोहता येत नाही. चौथीत असताना वर्गातला एक मुलगा गावच्या तलावात गेला, त्या दिवसापासून बाबांनी तलावाचं नाव काढायला बंदी केली. तलावांच्या जिल्ह्यात वाढलो, आणि पाणी फक्त काठावरून पाहिलं.

शांबोंला कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. नऊ वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, तुला खरंच येत नाही? आम्हाला तर शाळेत शिकवतात." खरंच आहे. तिथं पोहणं शाळेच्या अभ्यासक्रमात आहे आणि त्याचा दाखला मिळतो. परीक्षेत वेग बघत नाहीत. मागच्या मागे पाण्यात पडायचं, अडथळ्याखालून बुडी मारून जायचं, पंधरा सेकंद जागच्या जागी तरंगायचं, पाठीवर पोहायचं. म्हणजे चुकून पडलात तर मरू नये, एवढ्यासाठीची परीक्षा. भाच्यानं माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाला, "मान सैल सोड." तीन वेळा नाकातोंडात पाणी गेलं. चौथ्यांदा तरंगलो. दोन-चार सेकंद असेल. डोळ्यांत पाणी आलं ते तळ्याचं होतं असं मी सांगितलं.

एक गंमतही सांगतो. काठावर एक निवृत्त गृहस्थ गळ टाकून बसले होते. मासेमारीचं वार्षिक कार्ड पैसे भरून काढलेलं. भलामोठा कार्प लागला, मोजला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला! हे इथं येऊन आमच्या ढिवर मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "सोडायचाच होता तर पकडला कायले?" बरोबर आहे त्याचं. तिथलं तळं सुट्टीसाठी, आपला मालगुजारी तलाव धानासाठी, मासोळीसाठी, ढोरांसाठी. त्यांची छत्री-चटई आपण उचलून आणायची गरज नाही. बोर्ड मात्र आणता येईल.

आल्यावर मी तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे साधा अर्ज दिला : खोल जागा कुठं, पाणी शेवटचं कधी तपासलं, जबाबदार कोण, फोन काय, एवढं लिहून लावा. उत्तर आलं, "या बाबीसाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही." सध्या तिथं गंजलेली एक पाटी आहे, 'पोहण्यास सक्त मनाई'. त्या पाटीवरच पोरं कपडे टांगतात.

परवा गेलेला मुलगा काठापासून दहा पावलांवर गेला. तिथं मुरूम काढलेला खड्डा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं गुडघाभर पाणी असायचं. हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

म्हणून विनंती. आपल्या तलावात कुठं कुठं खड्डे आहेत ते कमेंटमध्ये लिहा. मासेमारी करणारे, ढोरं नेणारे, ट्रॅक्टरवाले, तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. नकाशा मी काढतो, रंगाचे पैसे आम्ही चौघं मित्र घालतो. बोर्डाचा मजकूर लिहून तयार आहे. 'पाणी तपासल्याची तारीख' यापुढची जागा मोकळी ठेवली आहे. ती कोणी भरायची, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायला या.